पडवीतल्या दोरीवरची विधेयकं

देशाचा एक कायदा मी एकदा संसदेच्या आधी पास करून टाकला होता. तोही कर्जतला, स्वयंपाकघरात, मेथी निवडता निवडता. तेव्हा मी अवघी चौसष्ट वर्षांची अल्लड पोर होते, म्हणून वाचकांनी मला माफ करावं. माझ्या विहीणबाईंनी मात्र अजून पुरतं माफ केलेलं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. दिल्लीतल्या निम्म्या खासदारांना जेवढी संसद ठाऊक नसेल, तेवढी या बाईला खालापूरजवळच्या आपल्या गावात, पडवीत पाय पसरून बसल्या जागी ठाऊक असते, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन.

त्या रसायनीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. निवृत्त झाल्यावर बायका गोधड्या शिवतात, गुडघे चोळतात. यांनी पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली आणि तिला सहा गाठी मारल्या. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून एकेका पट्टीवर एकेका विधेयकाचं नाव लिहिलं आणि कपड्यांच्या चिमट्यांनी त्या टांगल्या. पहिल्या गाठीपाशी नुसती मांडलेली विधेयकं, दुसरीपाशी समितीकडे गेलेली, मग एक सभागृह, मग दुसरं, मग राष्ट्रपतींची सही, आणि अगदी शेवटी, खिडकीशी, लागू होण्याची तारीख. संध्याकाळच्या बातम्या झाल्या की त्या उठून चिमटे पुढे सरकवतात. व्याही बिचारे आपले बनियन पेरूच्या झाडावर वाळत घालतात.

अधिवेशन सुरू असलं की त्या कुणाचं आमंत्रण घेत नाहीत. माझ्या पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं, तिथे साडेअकराला घाईघाईने आल्या आणि उंबरठ्यातूनच म्हणाल्या, "बारापरेंत तहकूब हाय. तवर नाव ठेवून घ्या!" आम्ही ठेवलं. अजूनही त्या पोरीला घरात 'तहकूब' म्हणून चिडवतात. बाजारात मावरंवाली सहज बोलून गेली की नवा कायदा आलाय म्हणे, तर या बोंबील खाली ठेवून विचारणार, "कंच्या सभागृहात हाय?" ती बापडी टोपलीत बघत राहते. कुंभिवलीचा झेरॉक्सवाला तर यांना लांबून बघूनच नवं रीम फोडतो. समितीकडे गेलेल्या विधेयकाला त्या 'माहेरी गेलं' म्हणतात. "बाळंतपनाला गेलेली पोर हाय ती. येल तवा येल. आपन रोज वाट बघू नाय." कामगारांच्या कायद्यांच्या पट्ट्या तर सही होऊनही पाच वर्षं खिडकीअलीकडे लटकत राहिल्या, उन्हाने अक्षरं उडाली, पण यांनी तारीख लागेपर्यंत हलवल्या नाहीत. कायदा बरा की वाईट यावर त्या कुणाशीही दिवसभर भांडतील, पण त्याआधी तो लागू कधीपासून, एवढं सांगावं लागतं.

हा नाद कुठून लागला, असं मी कितीदा विचारलं. दर वेळी उत्तर एकच, "तुमी भाकरी खावा, विहीणबाई. गार होते."

तर माझा कायदा. टीव्हीवर सांगितलं की मुलींच्या लग्नाचं वय एकवीस करणार. माझ्या हातातली मेथी खाली पडली. आमची नात, म्हणजे विहीणबाईंचीही नात, नुकती एकोणीस पूर्ण झालेली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शेलूचं स्थळ सांगून आलेलं, नव्या इमारतीत घर, मुलगा सरळ. उद्यापासून कायदा लागला तर दोन वर्षं थांबावं लागणार, आणि तोवर असा मुलगा कोण ठेवतंय? माझ्या मुलाची माझ्यापुढे तोंड उघडायची हिंमत नाही, सून रडवेली. मी आठवड्यात बघण्याचा कार्यक्रम उरकला, बुद्धविहाराच्या हॉलची पुढच्या महिन्यातली तारीख धरली आणि पांढऱ्या साड्या बघायला निघाले.

सुनेने आईला फोन केला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच विहीणबाई टमटममधून उतरल्या. अधिवेशन चालू असताना! पदराला चिमट्याने एक पट्टी अडकवलेली.

"एवढी कसली घाई लागली तुमाला?"

"अहो, कायदा आला ना!"

"कुठं आला? कर्जत टेशनात उतरला काय?"

"टीव्हीवर सांगितलं."

"मांडलंय म्हनून सांगितलं. पाट मांडला म्हंजे जेवन झालं नाय, विहीणबाई. ते समितीकडं चाललंय. आन समजा, उद्या दोनी सभागृहांत पास झालं, परवा सही झाली. तरीबी सहीपासून दोन वर्सांनी लागू. मसुद्यातच लिवलंय, ह्यो झेराक्स बघा. आता सांगा, पोर कितीची?"

"एकोणीस."

"आन दोन?"

मी पहिलीतल्या पोरासारखी बोटं मोजली. ज्या कायद्याच्या भीतीने मी मांडव घालायला निघाले होते, तो उद्या पास झाला असता तरी आमच्या पोरीच्या केसालाही लागणार नव्हता.

मग त्या दाराशी उभ्या असलेल्या नातीकडे वळल्या. "तुला काय पायजे गं?"

"त्याच महिन्यात माझी परीक्षा हाय, आजी," ती म्हणाली. एवढंच. आठ दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तर नाहीच नाही.

शेलूवाल्यांना नकार कळवला, हॉल सोडला, आणि मी दोन महिने विहीणबाईंशी बोलले नाही. चौसष्टाव्या वर्षी फुगून बसायला मोठी मजा येते. पुढे ते विधेयक माहेराहून परत आलंच नाही. लोकसभेची मुदत संपली आणि तेही संपलं. नात मात्र नर्स झाली, आणि गेल्या वर्षी तिने स्वतः पसंत केलेल्या मुलाशी, त्याच विहाराच्या हॉलमध्ये, लग्न केलं.

वंदना झाली, हार घातले गेले, पंगत बसली. आम्ही दोघी म्हाताऱ्या कोपऱ्यात बुंदी खात होतो. विहीणबाईंनी पिशवीतून ती पिवळी पडलेली पट्टी काढली, चिमट्यासकट, आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, दोरीवरून उतरवली, पण फेकवली नाही.

मी सवयीने विचारलं, "आता तरी सांगा, हा नाद कुठून लागला?"

मला वाटलं, बुंदी गार होते म्हणतील. त्यांनी नवरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात मी पंधराची होते. अठराचा कायदा तवा लागू होऊन वर्स झालेलं. पन आमच्या गावात त्यो कोनालाच म्हाईत नवता, विहीणबाई."