डीटरसाहेबांचा बाक

डीटरसाहेब मैदानावर आले की आधी बाकावर बसायचे. आम्ही सगळे बूट बांधून, शिट्टीची वाट बघत ताटकळत उभे, आणि कोच बाकावर. हात मांडीवर, नजर समोर. पाच मिनिटं झाली की उठायचे, बाकावरून एकदा तळवा फिरवायचे, लाकडाची कुसळं कुठे वर आली आहेत का ते बघायचे आणि मग म्हणायचे, "चला, आता खेळ." पहिल्या गुरुवारी, म्हणजे आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आम्हाला वाटलं, साहेबांना चक्कर आली. टीममधल्या बाळूनं धावत जाऊन पाणी आणलं. ते त्यांनी शांतपणे पिऊन टाकलं आणि पुन्हा तसेच बसून राहिले.

मैदान म्हणजे चाकणला आमच्या कंपनीच्या मागचा रिकामा प्लॉट. कंपनी गाड्यांचे दरवाजे दाबून काढते. डीटरसाहेब जर्मनीहून आले ते नवीन प्रेस बसवायला, तीन महिन्यांसाठी. प्रेस बसला, चालू झाला, त्याची वॉरंटीसुद्धा संपली, साहेब इथेच. परत कधी जाणार असं वरच्यांनी विचारलं की प्रेसला कान लावायचे आणि मान हलवून सांगायचे, अजून थोडा आवाज येतो. सहा वर्षं तो आवाज येत होता. आम्हाला कोणालाच तो कधी ऐकू आला नाही, पण आम्ही कशाला बोलतोय?

मराठी त्यांनी कॅन्टीनच्या मावशींकडून उचललं होतं. त्यामुळे 'घे अजून थोडं', 'नाटकं नको' आणि 'गरम आहे तोवर' ही तीन वाक्यं अगदी अस्सल यायची, बाकीच्या मराठीला मात्र ठेचा लागायच्या. 'तुम्ही' हा प्रकार मावशींनी शिकवलाच नव्हता. प्लांटच्या मोठ्या साहेबांनाही ते "तू बस, मी बघतो" म्हणायचे. मी स्टोअर्समध्ये. माझं नाव त्यांना सहा वर्षांत जमलं नाही, म्हणून मी शेवटपर्यंत नुसता 'स्टोअर'.

फुटबॉलची टीम कंपनीत आधीपासून होती, म्हणजे कागदावर होती. अकरा टी-शर्ट आले होते, त्यात फोटो काढून झाला होता. साहेब तरुणपणी तिकडे एका क्लबात होते हे कळल्यावर सगळे त्यांच्या मागे लागले. आमचा कॅप्टन बाळू. प्रेसवरचा ऑपरेटर, जवळच्या जुन्या गावचा, आणि मूळचा कबड्डीवाला. समोरून कोणी बॉल घेऊन आला की हा बॉल सोडून त्याचा घोटा बघायचा. असे सगळे गुणी लोक. साहेब आता नेट लावतील, बॉल मागवतील, काहीतरी जर्मन चमत्कार करतील या आशेवर आम्ही होतो. साहेबांनी काय केलं? प्रेसचे भाग ज्या लाकडी पेटीतून आले होते तिच्या फळ्या घेतल्या, दोन गुरुवार खपून रंधा मारला, कडा गोल केल्या आणि बाक बनवला. गोलपोस्टला जाळी नाही, खांब म्हणजे दोन गंजके पाइप, आणि बाक असा की मंत्र्याला बसवावं.

"बाकावर बसायला पण पाय लागतात," असं ते म्हणायचे. त्यांच्या तोंडचं हे पेटंट वाक्य. आम्ही पाठीमागे त्याची नक्कल करायचो. त्याचा अर्थ मला कळला तो एका गुरुवारी, पाऊस आला म्हणून आम्ही दोघं शेडखाली अडकलो तेव्हा.

साहेबांचं गाव कोळशाच्या खाणीचं, वडील खाणीत. सोळाव्या वर्षी गावच्या क्लबानं ह्यांना घेतलं ते दोन नंबरचा गोलकीपर म्हणून. एक नंबरचा रुडी. हा रुडी म्हणजे असा दणकट माणूस की त्याला कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही. "बर्फात आंघोळ केली तरी नाही," साहेब सांगायचे, आणि इतक्या वर्षांनीही त्यांच्या आवाजात थोडी तक्रार असायची. अकरा वर्षं साहेब बाकावर. दर मॅचला हातमोजे घालायचे, दर मॅचला कोरडेच काढून ठेवायचे. एकदाच रुडीचं बोट मोडलं आणि हे आत गेले. शेवटची सतरा मिनिटं. त्या सतरा मिनिटांचं वर्णन त्यांनी मला पाऊण तास ऐकवलं. वारा कुठून होता, चिखल कसा होता, प्रेक्षकांत वडील कुठे उभे होते. मी विचारलं, मग किती गोल अडवले? साहेब म्हणाले, बॉल आलाच नाही. सगळा खेळ पलीकडच्या टोकाला.

पुढे ते कोच झाले. नियम एकच केला: बाकावर बसलेला प्रत्येक माणूस मॅच संपायच्या आत मैदानात जाणार. मग जिंकत असू दे नाहीतर हरत. आता असा नियम असल्यावर काय व्हायचं ते झालं. एका क्लबानं काढलं, दुसऱ्यानं काढलं, तिसऱ्यानं तर हार घालून काढलं. खेळाडू म्हणून कप नाही, कोच म्हणून कप नाही. डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बनवायची विद्या तेवढी हातात होती, ती त्यांना चाकणला घेऊन आली.

आणि नियमही सोबत आला. आमची कंपन्या-कंपन्यांमधली हलकीफुलकी स्पर्धा असते, त्यामुळे हवे तेवढे बदली खेळाडू चालतात. आम्ही पहिला अर्धा भाग बरा खेळायचो. दुसऱ्यात साहेबांची भरती सुरू व्हायची. आधी पेंटशॉपवाले, मग अकाउंट्सवाला, आणि शेवटी, मॅच जवळजवळ हातातून गेल्यावर, मी. माझं वजन, माझं पोट आणि माझा दम ह्यांचं आपसात कधी पटलं नाही. मी आत गेलो की पलीकडची टीम हसून घ्यायची. घरी आलो की बायको विचारायची, "आज किती मिनिटं?" तिनं कधी 'किती गोल' असं विचारलं नाही. समजूतदार आहे.

सहाव्या वर्षी कंपनीनं ठरवलं की प्रेसचा आवाज आता पुरे. दिवाळीआधी साहेबांनी परत जायचं. आणि नेमकी त्याच वर्षी आमची टीम, कशी कोण जाणे, फायनलला पोहोचली. दसऱ्याच्या दुपारी फायनल, आठवड्यानं साहेबांचं विमान. साहेब जेवताना मावशींना विचारत होते की कप विमानात हातात नेऊ देतात का. मावशींना काय ठाऊक, त्या म्हणाल्या, नाटकं नको, वाटीएवढा तर असतो. हे बाळूच्या कानावर गेलं. तो मला म्हणाला, "म्हातारं आयुष्यभर हरलंय राव. आवंदा मोकळ्या हातानं जाऊ द्यायचं न्हाई." त्या दिवसापासून आम्ही सगळे शिफ्ट सुटल्यावर रोज तासभर पळायला लागलो. मीसुद्धा. माझ्या बाबतीत पळणं हा शब्द थोडा मोठाच आहे, पण होतो.

साहेबांकडे एक भारी बॉल होता, मुलीनं जर्मनीहून पाठवलेला. फायनल ह्याच बॉलनं खेळायची असं त्यांनी आयोजकांकडून कबूल करून घेतलं होतं, आणि बॉल बाळूच्या ताब्यात दिला होता. आदल्या दिवशी खंडेनवमी. शॉपमध्ये मशीन धुतल्या, झेंडूच्या माळा चढल्या, टेबलावर स्पॅनर, कॅलिपर, हातोड्या मांडल्या. आणि मधोमध, कॅलिपरच्या शेजारी, हळदकुंकू लावलेला, फूल वाहिलेला साहेबांचा बॉल. बाळूनं मोठ्या भक्तीनं ठेवला होता. आपलं हत्यार ते आपलं दैवत, मग फुटबॉलवाल्याचं हत्यार कोणतं? त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढचा विचार तेवढा कोणी केला नाही.

दसऱ्याला सकाळी साहेब हवा भरायचा पंप घेऊन आले आणि बॉल मागितला. बाळूचा चेहरा पडला. पूजेतल्या वस्तूला पाय कसा लावायचा? साहेब म्हणाले, धुऊन घे. बाळू म्हणाला, धुतलं म्हनून काय झालं, आता त्यो बॉल ऱ्हायला न्हाई. बाकीचे सगळेच जण माना खाली घालून उभे. एकालाही त्या बॉलला लाथ मारायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगतो, मलाही नव्हती. शेवटी साहेबांना समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, साहेब, ज्याच्यावर आपण जगतो त्याला आज आम्ही पाय लावत नाही, चुकून लागला तर नमस्कार करतो. साहेबांनी बॉलकडे बघितलं. मला वाटलं, आता जर्मन भाषेतले खास शब्द ऐकायला मिळणार. ते म्हणाले, "हात चालतो?" बाळू म्हणाला, हात चालतो की. "मग हा गोलकीपरचा बॉल," असं म्हणून साहेबांनी तो स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून बाकावर ठेवला. आम्ही पलीकडच्या टीमच्या जुन्या बॉलनं खेळलो.

पलीकडची टीम भोसरीची, एका फोर्जिंग कंपनीतली, एकेक जण ऐरणीसारखा. तरी दुसऱ्या अर्ध्यात बाळूनं गोल मारला. एक-शून्य. मग साहेबांनी सवयीप्रमाणे एकेकाला आत धाडलं, पेंटशॉपवाले गेले, अकाउंट्सवाला गेला, आणि नवल म्हणजे गोल काही झाला नाही. दहा मिनिटं राहिली. बाकावर आता दोघंच, मी आणि टॉवेलातला बॉल. साहेब माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय. त्यांनी विचारलं, कोणता? मी डावा दाखवला. ते म्हणाले, मघाशी उजवा चोळत होतास. तेवढ्यात बाळू धावत कडेला आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, आज नको. येवढी येक मॅच. उद्यापासून रोज खेळवा त्याला."

बाळू बोलला ते मला शंभर टक्के पटलं होतं. मीही मान हलवत होतो. साहेबांचे कान लाल झाले. सहा वर्षांत ते चिडलेले मी पहिल्यांदा बघितले.

"बाळू, अकरा वर्षं मला हेच सांगितलं," ते म्हणाले. "आज नको. रोज आज नको." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "स्टोअर, जा."

गेलो. सातव्या मिनिटाला बॉल उंचावरून थेट माझ्या तोंडाकडे आला. मी आमच्याच गोलसमोर उभा. वीस वर्षं स्टोअर्समध्ये काढलेला माणूस, रॅकवरून काही पडलं की हात आपोआप वर जातात. मी बॉल झेलला. असा छान झेलला की क्षणभर मलाच माझं कौतुक वाटलं. मग शिट्टी वाजली. पेनल्टी, एक-एक. आणि आम्ही सावरायच्या आत आणखी एक. दोन-एक.

मॅच संपल्यावर मी तिथेच मातीत बसलो. बाळू माझ्याकडे न बघता निघून गेला, त्याचं बरोबरच होतं. मला लाज वाटत होती, रडूही येत होतं, चाळिशीतल्या माणसाला मैदानात रडायला कसं वाटतं ते विचारू नका. साहेब धापा टाकत पळत आले. मी म्हटलं, साहेब, तुमचा कप मी घालवला. त्यांनी ते ऐकलंच नाही. माझे दोन्ही खांदे धरून हलवत होते आणि चेहरा असा फुललेला, जणू आम्हीच जिंकलो.

"बॉल आला तुझ्याकडे," ते म्हणाले. "स्टोअर, तुझ्याकडे बॉल आला."

आठवड्यानं कॅब आली तेव्हा बाळूनंच तो पूजेचा बॉल आणून त्यांच्या हातात ठेवला. पाय लावायचा न्हाई, एवढंच बजावलं. साहेबांनी बॅगा मागे टाकल्या आणि बॉल मांडीवर घेऊन बसले. मोशीच्या सिग्नलपर्यंत आम्ही दुचाकींवर मागे होतो, मग ट्रकांच्या गर्दीत कॅब दिसेनाशी झाली.

गेल्या पितृपक्षात त्यांच्या मुलीचा, आंकेचा, मेसेज आला. साहेब झोपेतच गेले. सोबत एक फोटो होता. दिवाणखान्यातलं शेल्फ, लोक कप मांडतात तसलं. त्यावर फक्त आमचा बॉल, हळदकुंकू वाळून तपकिरी झालेलं. आंकेनं लिहिलं होतं की पाहुणे विचारायचे हे कसलं बक्षीस, तर बाबा सांगायचे, फायनलचं. नातवाला ते हा बॉल फक्त हातानं खेळू द्यायचे. आता त्यानं लाथ मारली तर चालेल का, असं तिनं विचारलं होतं.

मी फोन घेऊन बाळूकडे गेलो. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाला, पोराला दुसरा बॉल घ्या म्हनावं, त्यो गोलकीपरचा हाय. मी तसं कळवलं. आमच्या दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दोघंही शॉपमधल्या धुराला नावं ठेवत होतो.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. बाळूनं या वेळी बॉल पूजेत ठेवला नाही, शिकलाय आता. त्याऐवजी त्यानं मैदानावरचा बाक धुतला, त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी आम्ही खेळायला जमलो तेव्हा लक्षात आलं की पूजेतल्या बाकावर त्या दिवशी कोणी बसायचं नाही. बावीसच्या जागी सत्तावीस जण होतो. सगळेच मैदानात उतरलो. माझ्याकडे दोनदा बॉल आला.