दोन नंबरची डिस्क

घरात एक कॉम्प्युटर असला की कटकटी जमतात. त्या एकात तीन कॉम्प्युटर बसवले की किस्से जमतात! माझ्याकडे इतके साठलेत की ऐकायला कोणी नसलं तर मी भिंतीला सांगतो. आज तुम्ही तावडीत सापडलात.

मी मांडव्याला जेट्टीवर तिकीट खिडकीत होतो. आता रिटायर, किहीमला एकटाच. बायको सुधा चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा निखिल बंगळूरला कॉम्प्युटरमध्येच आहे. आई गेल्यावर महिनाभर राहिला आणि जाताना हे यंत्र लावून गेला. एका डब्यात तीन कॉम्प्युटर! एक फोटोंचा, एक मला शिकायला आणि तिसरा सुधाचा शिवणकामाचा जुना कॉम्प्युटर, गिऱ्हाइकांच्या मापांसकट जसाच्या तसा उचलून आत ठेवलेला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला.

शेजारच्या गुलाबकाकू बघायला आल्या. टेबलाखाली वाकून म्हणाल्या, "तीन म्हनता, मंग बाकीचे दोन कुठं हायेत?"

मी म्हटलं, "एका घरात तीन बिऱ्हाडं असतात ना, तसं आहे ते."

काकूंनी घरभर नजर फिरवली. "मंग डब्यात कशाला? घरात ठेवा एकादं बिऱ्हाड! एकलंच तर हाव तुमी."

*

एकदा काकूंना नव्या टेलरकडे ब्लाऊज टाकायचा होता. मी सुधाचा कॉम्प्युटर उघडला. तोच तिचा जास्वंदीचा फोटो, तेच तिचं फोल्डर. काकूंचं माप सापडलं, दहा वर्षांपूर्वीचं!

"काकू, हे आता कसं बसेल?"

"न्हाय बसनार. पन लिवून द्या. सुधानं घेतलेलं हाय."

मी लिहून दिलं. ब्लाऊज अर्थातच बसला नाही.

*

डब्यात डिस्क दोन, पण दोन्हींवर तेच. एक मेली तरी दुसरी सगळं सांभाळते. हे ऐकून आमचा इलेक्ट्रिशियन नरेश म्हणाला, "दोनीत एकच? मंग एक मला द्या, फुकट अडकून पडलीय!"

डिस्क बिघडली की डब्यावरचा तिचा हिरवा दिवा लाल होतो आणि मेसेज थेट निखिलच्या फोनवर जातो. मला नाही, निखिलला.

*

दसऱ्याला काकूंनी यंत्राचीही पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं आणि झेंडूचा भलामोठा हार घातला, तो नेमका पंख्याच्या जाळीवर! अर्ध्या तासात डबा तापला आणि फोन वाजला.

"बाबा, काय केलंत? टेंपरेचर बघा!"

सकाळपासून मी त्याच्या फोनची वाट बघत होतो. सोनं द्यायला आला नाही, झेंडूपायी आला.

*

मग खाऱ्या वाऱ्याने दोन नंबरच्या डिस्कच्या पिना गंजल्या. नरेशने त्या खोडरबराने घासून लख्ख केल्या. "हा वारा फ्रिज खातो, पंखा खातो, ह्या पिनांचं काय घेऊन बसलाव!"

त्या निमित्ताने निखिलशी चाळीस मिनिटं बोलणं झालं. डिस्कचं दहा मिनिटं, बाकी भाजी कोणती केली, गुडघा कसा आहे, असलं. फार बरं वाटलं. डिस्क बरी झाली आणि तीन आठवडे फोन नाही. घर खायला उठलं हो!

चौथ्या रविवारी साडेदहाला मी स्क्रूड्रायव्हरने डबा उघडला आणि दोन नंबरच्या डिस्कची केबल उपटली.

चार मिनिटांत फोन! "बाबा, डिस्क गेली!"

"अरेरे!" मी म्हणालो.

मग सवयच लागली. रविवारी केबल काढायची, गप्पा झाल्या की परत खोचायची. एकदा काकूंनी मला टेबलाखाली रंगेहाथ पकडलं. "परत काढलीत व्हय? लेकाला सरळ फोन करा की!"

"मी केला की तो मीटिंगमध्ये असतो काकू. डिस्क गेली की मीटिंग सोडतो."

*

एका रविवारी केबल काढली आणि लाईट गेली. परत आली, तर एक नंबरची डिस्क उठेना! दोन नंबरची जोडली, तरी काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. सुधाची सगळी मापं त्यात होती. मला फोनवर निखिलला धड सांगताही येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने तो स्वतः आला. संध्याकाळपर्यंत खपला. नवी डिस्क टाकली, सगळं परत मिळालं. जास्वंद दिसली तेव्हा मी डोळे पुसले.

मग तो यंत्राने ठेवलेल्या जुन्या नोंदी वाचत बसला. बराच वेळ.

"बाबा, ही डिस्क दर वेळी रविवारीच जाते. साडेदहाला."

"खारा वारा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. केबलींना पट्ट्या बांधल्या, डब्याचे चारही स्क्रू घट्ट आवळले आणि माझा स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या बॅगेत टाकला.

*

पुढचे दोन रविवार फोन नाही. मीही डब्याला हात लावला नाही.

तिसऱ्या रविवारी साडेदहाला फोन वाजला.

"बाबा, दोन नंबरची डिस्क परत गेली. मेसेज आलाय मला."

मी वाकून बघितलं. दोन्ही दिवे हिरवेगार. स्क्रू जागच्या जागी.

"हो रे! गेलेलीच दिसते," मी म्हणालो आणि स्टूल ओढून बसलो. "किती वेळ लागेल?"

"तासभर तरी जाईल," निखिल म्हणाला. "नाश्ता काय केलात?"