अंकलेश्वरहून सहा बाटल्या

सन २०२३. मला शहात्तरावं लागलं होतं. वटारची माझी वाडी सोडून मी बऱ्याच दिवसांत कुठे गेलो नव्हतो, गेलो तो दोन लग्नांना आणि एका मयताला. त्यामुळे नात केतकी म्हणाली, "आजोबा, अंकलेश्वरला येता का? पहाटे निघायचं, संध्याकाळी परत," तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी कशालाही आधी नाहीच म्हणतो. मग विचारलं, "काम काय?"

"पेटी मांडीवर धरून बसायचं."

केतकी मुंबईच्या एका कॉलेजात डॉक्टर व्हायला शिकते, पण गोळ्या देणारी डॉक्टर नव्हे. जमिनीच्या पोटात जिथे खनिज तेल असतं तिथल्या कढत पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, त्यांचा तिचा अभ्यास. ते पाणी विहिरीवर जाऊन भरून घ्यायची परवानगी तिला आठ महिने अर्ज करून मिळाली होती, तीही एका दिवसाची. पुढच्या आठवड्यात ती विहीर दुरुस्तीला बंद होणार होती. म्हणजे पाणी आणलं तर आत्ता, नाहीतर वर्ष फुकट.

मी चौथी शिकलो. पण उकडल्यावर जीव मरतो, हे निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) शिजवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. तसं मी बोललो.

"म्हणून तर चला, दाखवते," केतकी म्हणाली.

पाच वाजता निघालो. गाडी तीच चालवते. बायकोने सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) बांधून दिली आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "अहो, पोरीला रस्ताभर शिकवत बसू नका." मी मनोरपर्यंत गप्प बसलो. त्यापुढे पोरगी ट्रकच्या फारच मागे लागत होती, तेव्हा शिकवावं लागलं.

तलासरीनंतर पाट्यांवरची अक्षरं बदलली. डोक्यावरची रेघच गेली. मला देवनागरी वाचायलाच वेळ लागतो, त्यामुळे मला फारसा फरक पडला नाही. दमणगंगा, पार, औरंगा, अंबिका अशा नद्या एकामागून एक आल्या. तापी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळी दिसायला लागल्या. एकसारख्या उंचीच्या, एकसारख्या घडाच्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. मी म्हणालो, "ही केळी दिसायला केळी आहेत. चवीला काकडी असणार." केतकी हसली.

अंकलेश्वरच्या पलीकडे शेतांमधून आत वळलो आणि मला विहीर दिसेना. मी काठ, रहाट असलं काहीतरी शोधत होतो. तारेच्या कुंपणात, माणसाएवढ्या उंचीचा, चाकं-चाकं लावलेला एक लोखंडी खांब उभा होता. तीच विहीर. फाटकावर माझी काडेपेटी काढून घेतली आणि डोक्यावर पिवळं टोपडं चढवलं. मी म्हणालो, टोपी मी लग्नातसुद्धा घालत नाही. तिथे नेमलेले रमणभाई साठीकडे झुकलेले, पोट सुटलेले गृहस्थ. ते म्हणाले, "काका, हवे तमे साहेब लागो छो (आता तुम्ही साहेब दिसता)." मग मी ते टोपडं जेवतानाही काढलं नाही.

रमणभाईंनी एक बारीक नळ सोडला. आधी खोकल्यासारखा आवाज, मग काळपट तेल, आणि मग वाफाळतं पाणी. वास सडक्या अंड्याचा. मी नाकाला पंचा लावला.

"हा वास कोणाचा?" मी विचारलं.

"तो दुसऱ्या जातीच्या जिवांचा," केतकी पाणी भरता भरता म्हणाली. "ते हा घाण वायू सोडतात, त्याने लोखंडी नळ सडतात. माझे जीव वेगळे. तिथे हवा नाही, तर ते नायट्रेटवर श्वास घेतात. खतात असतं ना, ते. आणि त्याचा साधा नायट्रोजन करून सोडून देतात. वरून नायट्रेट सोडलं की माझे वाढतात, आणि वासवाल्यांच्या तोंडचा घास जातो."

"म्हणजे भाऊबंदकी."

"अगदी."

मग मी तिला सांगितलं, की केळीच्या पाटात पाणी तुंबलेलं असताना युरिया टाकला तर तो कुठे जातो ते आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. पान पिवळं ते पिवळंच. माझा बाप म्हणायचा, तुंबलेल्या पाण्यात खत घालणं म्हणजे वाऱ्याला जेवण वाढणं.

केतकीने हातातली बाटली खाली ठेवली. "आजोबा, हे तेच. तुमच्या चिखलातही हेच काम करणारे जीव आहेत. फक्त हे कढत पाण्यातले."

मी रमणभाईंकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं, हे बरं झालं.

सहा बाटल्या भरल्या. वर तेलाची काळी साय, खाली तांदळाच्या धुवणासारखं पाणी. रबरी बूच, वर आट्यांचं झाकण. भोवती गरम पाण्याच्या पिशव्या लावून पेटी माझ्या मांडीवर आली. केतकी सांगायला लागली, "आजोबा, एक लक्षात ठेवा, ह्यात हवा..."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. "राजेळीचे घड दादरच्या बाजारात नेलेत मी, एका केळ्याला डाग न लागता."

तिने गाडी चालू केली. दमली होती बिचारी.

नवसारीच्या अलीकडे चहाला थांबलो. केतकी आत गेली, मी पेटीपाशी. उघडून बघितलं तर झाकणांची मधली जागा फुगून वर आलेली. आता आमच्या पट्ट्यात हे लहान पोरही ओळखतं. ताडीची बाटली कोणी घट्ट बंद करून ठेवत नाही. मधूनमधून वारा सोडावा लागतो, नाहीतर फुटते. माझी एकदा फुटली होती माळ्यावर, आणि खाली सासरे झोपलेले. म्हटलं, पोरीचे आठ महिने हायवेवर फुटायला नकोत. पहिलं झाकण अर्धा आटा सैल केलं. फुस्स. बघा, म्हटलं, कॉलेजात हे शिकवत नाहीत. झाकण परत आवळलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला हात घालणार तेवढ्यात केतकी चहा घेऊन येताना दिसली. मी पेटी लावली. सांगणार होतो, पण म्हटलं घरी पोचल्यावर सगळ्यांसमोर सांगू.

चारोटीला गरम पाणी बदलायला तिने पेटी उघडली. चार बाटल्यांतलं पाणी गुलाबी झालं होतं. छान आमसुलाच्या साराच्या रंगाचं. मी म्हणणार होतो, रंग चढला. पण तिचं तोंड बघितलं.

तिने फोन लावला. पलीकडे तिच्या प्रयोगशाळेतला मदतनीस मंगेश. त्याला मी बघितलेलं नव्हतं, नाव ऐकून होतो. वर्षावर्षाच्या करारावर आहे, बुचं तोच बसवून देतो.

"मंगेश, कसली रबरं बसवलीस तू? चार गुलाबी झाल्या. हवा लागली की आत घातलेल्या औषधाने पाणी गुलाबी होतं, माहीत आहे ना? आणि हवा लागली की हे जीव संपले. नाही, मी नीट आवळली होती. तपासली म्हणतोस, मग ही हवा काय आकाशातून आली? रबरंच खराब असतील तर उरलेल्या दोनवर तरी कसा भरवसा ठेवू? उद्या सगळ्या ओतून टाकते. आणि सरांना मला सांगावंच लागेल."

त्याचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. पण तो सारखा काहीतरी म्हणत होता, आणि ती सारखी "नाही" म्हणत होती.

त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंडात सुकेळी होती, हे कारण नव्हे. ती मी केव्हाच गिळली होती. शहात्तर वर्षांत मी कोणाला चुकलो म्हटलेलं नाही. एकदा माझी मेर (शेताची हद्द) चुलत्याच्या बांधात शिरली, तेव्हाही म्हणालो, जमीन सरकली.

"आजोबा, बरं नाही का वाटत?" शिरसाडच्या पुढे तिने विचारलं. "मघापासून मला शिकवलं नाहीत."

"लागलंय जरा," मी म्हणालो. काय ते सांगितलं नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. बायकोने विचारलं, कसा झाला प्रवास. मी नद्यांची नावं सांगितली, टोपड्याचं सांगितलं, युरियाचं तर दोनदा सांगितलं. केतकी न जेवता झोपली. माणूस प्रवासाने शहाणा होतो म्हणतात. मला वाटतं, शहाणपण गाडीत बसल्या बसल्या मिळतं, पण ते तोंडापर्यंत यायला एक मुक्काम जास्त घेतं. आठ महिन्यांतलं उरलेलं एवढंच: दोन बाटल्या. त्या चांगल्या आहेत हे सगळ्या जगात फक्त मला ठाऊक, आणि त्याच उद्या मोरीत जाणार. वर एका परक्या पोराची भाकरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी गाडीत बसायला आली, तर मी आधीच पुढे बसलेलो, मांडीवर पेटी.

"आजोबा, मी कॉलेजला चाललेय."

"मलाही तिथेच काम आहे."

"तुम्हाला काय काम?"

मी सांगितलं. ताडीसकट सगळं सांगितलं. तिने माझ्या मांडीवरची पेटी उघडून दोन्ही पांढऱ्या बाटल्यांची झाकणं चाचपली. मग एवढंच म्हणाली, "दोन नक्की नाही उघडल्या?"

"तू चहा घेऊन आलीस ना मध्येच."

मुंबईला पोचलो. तिथे तीन जिने चढलो. वर एक सडपातळ पोरगा बुचांचा डबा पुढ्यात घेऊन एकेक रबर उजेडाला धरून बघत बसला होता. मी पेटी त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "मी वटारचा दामोदर. झाकणं मी उघडली. तुझी रबरं चांगली आहेत."