न ऐकलेली कॅसेट

आमच्या बँडचा पहिला अल्बम म्हणजे नुसता दंगा होता. किहीमच्या वाळूत पाहुण्यांच्या गाड्या रुततात त्यावर एक गाणं, दिघीच्या फेरीबोटीवर एक, महागलेल्या सुरमईवर एक. हळदीला लोक ती लावून नाचायचे. चाळिशीला टेकलेले आम्ही चौघे त्यामुळे चांगलेच फुशारलो होतो.

दुसऱ्या अल्बमसाठी लिहायला बसलो तर सुरमई काही सुचेना. सुचले ते अब्बा.

अब्बा आखातात नोकरीला होते. पत्र लिहायचा त्यांना भारी कंटाळा, म्हणून ते बोलून कॅसेट भरायचे आणि गावातलं कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर पाठवायचे. आमच्या घरचा नियम असा, की कॅसेट आधी अम्मी ऐकणार आणि मग सुरीच्या टोकाने तिच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडणार. तो मोडला की त्यावर दुसरं काही भरता येत नाही.

मी चौदा वर्षांचा असताना अब्बा तिकडेच गेले, हृदयविकाराने. त्यांच्या बॅगेत एक न पाठवलेली कॅसेट निघाली. ती लावायचा अम्मीला धीर झाला नाही, आणि म्हणून तिचा तुकडाही शाबूत राहिला. मला वाटलं, ऐकली असेल, मोडायचं तेवढं राहिलं असेल. एका दुपारी घरात कुणी नसताना मी ती लावली. तो आवाज मला मिनिटभरसुद्धा सहन झाला नाही. मी कॅसेट मागे फिरवली आणि मित्राच्या गिटारवर माझंच एक गाणं तिच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत पुन्हापुन्हा भरून टाकलं.

अम्मीने ती ऐकलीच नव्हती, हे पुढे काही वर्षांनी तिच्याच तोंडून कळलं. तेव्हापासून मी मूग गिळून होतो. कॅसेट तिच्या कपाटात कपड्यांखाली तशीच होती.

या सगळ्यावर आता मी लिहिलेलं गाणं सात मिनिटांचं झालं. माझी चूक, माझी लाज, माझी उडालेली झोप, सगळं त्यात होतं. किहीमला ओळखीच्या एका कॉटेजमध्ये आम्ही ते रेकॉर्ड केलं, आणि मला ते भलतंच थोर वाटत होतं. आमचा ड्रमर शाळेत गणित शिकवतो. त्याने काठ्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "अम्मीला माहितीय?"

मी म्हटलं, नाही.

"मग हे बाहेर जाणार नाय. आधी तिला ऐकव."

मी भडकलो. कलावंताच्या स्वातंत्र्यावर भलंमोठं भाषण ठोकलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि काठ्या पिशवीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो. अम्मी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून फोनवर गाणं लावलं आणि शेजारी बसलो. कॅसेटची ओळ आली तसा तिचा हात थांबला. गाणं संपेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"पुसलीस तू?"

"हो."

तिने सुकटीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "एवढं मोठं गानं, त्यात सगला तूच हाय. तुझे अब्बा कुठं हायत?"

एवढे दिवस मी त्या गाण्याशी झगडत होतो, पण हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला खरोखर शरम वाटली.

"थोडी ऐकलीस ना?" ती म्हणाली. "काय बोलले?"

"फणस लागलाय का, विचारलं. मागची कौलं बदलून घ्या म्हणाले."

"दम लागत व्हता?"

तेव्हा कुठे मला कळलं, की इतकी वर्षं ती कॅसेटला नव्हे, या प्रश्नाच्या उत्तराला भीत होती.

"नाही गं. हसले ते मध्येच."

"हसले? कशाला?"

"तिथंच मी बंद केली, अम्मी."

तिने सुपली बाजूला सारली, ओढणी डोळ्यांना लावली आणि रडली. मीही रडलो, लहान पोरासारखा. मग नाक पुसत ती म्हणाली, "हसले, एवढं टाक त्यात. आनी तुझं रडनं जरा कमी कर."