एसेताची वाकलेली पाठ

बर्गर घेऊन आलेली बाई तुमच्यासमोरून कंबरेत वाकून, काहीतरी पुटपुटत गेली, तर तुम्ही काय समजाल? पाठीचं दुखणं? की लाचारी? खरं सांगा. ऑस्ट्रेलियातल्या माउंट ड्रुइटच्या बर्गरवाल्याकडे लोक हेच समजायचे, आणि दोन्ही चूक होतं.

एसेता तिथे टेबलांवर जेवण पोचवायची. आतून घंटी वाजली की ट्रे उचलायचा, ट्रेवरचा आकडा कुठल्या टेबलावर लावलाय ते शोधायचं, गरम आहे तोवर पुढ्यात ठेवायचं आणि परत फिरायचं. पण बसलेल्या माणसासमोरून जाताना ती वाकायची, म्हणायची, "तुलो." माफ करा, तुमच्यासमोरून जातेय. तिचं घराणं सामोआ बेटांवरचं. सामोअन घरात चालायला लागलेलं पोरही हे शिकतं. ताठ गेलात तर लोक नावं ठेवतात ती तुमच्या आईला.

मॅनेजर डॅरेनला ते खुपायचं. "अगं, चिप्स घरंगळतात. गिऱ्हाइकांना वाटतं आम्ही तुला मारतो. पाठ सरळ ठेव, हस, 'मजेत जेवा' म्हण आणि निघ. जमत नसेल तर आत भांडी घास."

हात सामोअन चालतात, माणूस चालत नाही. असल्या मॅनेजरांना आमच्याकडे तोटा नाही.

एसेता शिकली. तळणीवरचा रोमेल म्हणाला, "आज महाराणीसारखी चाललीस गं. ट्रे डोक्यावर ठेव, मुकुट होईल."

"तुझ्या डोक्यावर ठेवते, तेलासकट."

दोघं हसली. पाठीला मात्र ताठ राहायची सवय लागत गेली.

मग सामोआतल्या गावाहून थोरले मामा आले. घराण्याचे प्रमुख. एसेताची आई लुपे आजारी होती, चार पावलं टाकली की धाप लागायची. भावाला पुन्हा जेवू घालणं होईल की नाही, याचा भरवसा तिलाच नव्हता. "मामांचं ताट तू न्यायचंस," ती म्हणाली. "मी मुलीला काय वळण लावलं, ते त्यांना दिसू दे."

त्या दिवशी एसेता कामावरून धावतपळत आली, अंगात हॉटेलचाच शर्ट. चटयांवर सगळे वडीलधारे मांडी घालून बसलेले. कोणीतरी तारोचे उकडलेले कंद आणि डुकराच्या मांसाचं ताट तिच्या हातात दिलं आणि पाय आपोआप निघाले. सगळ्यांच्या समोरून, ताठ. ताट मामांपुढे ठेवून ती हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "मजेत जेवा."

वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं आपण काय केलं.

"लुपे, तुझी पोरगी ऑस्ट्रेलियाची झाली गं," मामा म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसत होते.

एसेताने गुडघे टेकून माफी मागितली. पण आई उठली होती. भिंतीला धरत, धापा टाकत, पुढचं प्रत्येक ताट तिने स्वतः नेलं. दर वेळी वाकून.

पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तिथे त्यांच्यासारखी चाल. पोटाचा प्रश्न आहे. पण दारात पाऊल ठेवलंस की माझी होऊन ये."

"येत्या रविवारी चर्चनंतरचं जेवण मीच वाढते, आई. बघशील तू."

"बघू."

रविवारपर्यंत लुपे राहिली नाही.

शवपेटी घरी आणली त्या दिवशी चटया पुन्हा भरल्या. आलेल्या प्रत्येकाला एसेताने ताट नेलं, पेटीसमोरून जाताना तर इतकी वाकली की केस जमिनीला टेकले. "पुरे गं, कंबर मोडेल," मावशी म्हणाली. "मोडू दे," एसेता म्हणाली, आणि पुढचं ताट आणायला गेली.

ती आता कामावरही वाकते. डॅरेनने सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, मग तिला आत भांड्यांवर टाकलं. गर्दी झाली की नाइलाजाने बाहेर पाठवतो. ती ट्रे घेते, वाकते, "तुलो" म्हणते. बघायला जी हवी होती, ती नाही.

तुमच्या टेबलाशी अशी कोणी आली तर हसू नका. मॅनेजरला हाक मारू नका. फोनवरची नजर काढा, पाय आत घ्या आणि ट्रे ठेवला जाताना तुमचंही डोकं थोडं खाली करा.