वेताखालचा सांधा

हेल्गेला पुरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याची बायको वाल्बोर्ग आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात कामावर हजर. एप्रन बांधला, चिंधी तेलात बुडवली आणि खुर्च्यांच्या पायांना तेल पाजत बसली. नवरा आयुष्यभर ज्या बाकाशी उभा राहून रंधा मारायचा, तो बाक तिच्या समोरच रिकामा होता. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आम्ही कोपनहेगनची माणसं दुःख चारचौघांत मांडत नाही हे खरं, पण हिचं जरा जास्तीच. मी विचारलं, जेवलीस का गं? म्हणाली, हो. काय जेवलीस? तर तिला आठवेना.

रडली असती तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. पण फेब्रुवारी गेला, मार्च गेला, ही आपली येते, तेल पाजते, जाते.

मी तिथं वेत गुंडाळायचे. आमची ती हातांची खुर्ची आज जगभर मिरवते, पण जर्मन फौजा गेल्यावर चार-पाच वर्षांनी ती पहिल्यांदा प्रदर्शनात मांडली तेव्हा तिला कुत्रं विचारत नव्हतं. पाठ आणि दोन्ही हात मिळून एकच गोल कमान, सागाचे तुकडे जोडून केलेली. तो सांधा उघडा दाखवायची, खुर्चीचा आराखडा काढणाऱ्या आर्किटेक्टसाहेबांना लाज वाटायची, म्हणून त्यावर माझा वेत. साहेबांची अब्रू माझ्या हातात आहे, असं मी गमतीनं म्हणायचे. खरं तर हेल्गेची होती.

सांधे करायचा हेल्गे, आणि शेवटची दोन वर्षं त्याचे हात थरथरत होते. करवत वाकडी जायची, फटी राहायच्या, मग त्यात तो सरस आणि भुसा कोंबायचा. घरी बायकोला सांगायचा, वेत आहे म्हणून निभतंय. आणि वाल्बोर्गला वाटायचं, हे आपल्या दोघांतच आहे.

उन्हाळ्यात हुकूम आला. अमेरिकेतल्या एका मासिकात फोटो छापून आल्यापासून मागणी वाढली होती आणि साहेबांनी आता नवा सांधा काढला होता, नागमोडी, दातांत दात अडकणारा. तो झाकायचा नाही, मिरवायचा. माझं काम गेलं, मला बैठका विणायला बसवलं. कोपऱ्यात हेल्गेच्या वेळच्या चार खुर्च्या उरल्या होत्या. त्यांचा वेत उकलून, जुना सांधा कापून नवा बसवा, असं मालकांनी सांगितलं.

क्रेस्टेन मिस्त्रीनं हे कॉफीच्या सुट्टीत सांगितलं, तेव्हा वाल्बोर्ग काळ्या पावावर हेरिंग माशाचा तुकडा ठेवत होती. तिचा हात थांबला. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती आपणहून बोलली.

"मिस्त्री, कापायच्याच असतील तर वेतासकट कापा. उघडू नका."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. तिला कशाची भीती आहे ते आम्हा दोघांनाही कळलं. आता मेलेल्या माणसाचं हसं होणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मी सुरी घेतली आणि पहिल्या खुर्चीचा वेत कापला. सांधा असा, की नखसुद्धा शिरेना. दुसरीचाही तसाच. वाल्बोर्गनं त्यावरून बोट फिरवलं. तोंडावर काही नाही.

"हा हेल्गेचा हात नाही," ती म्हणाली.

मग सांगावंच लागलं. हेल्गेला आणि तिला लवकर घरी सोडायचे. दोघं गेली की मिस्त्री सरस ओला असतानाच सांधा उघडायचा, नव्यानं करायचा आणि सकाळी हेल्गे यायच्या आत मी त्यावर वेत चढवायचे. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, फक्त हेल्गेला आणि तिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, मला रंधा धरायला त्यानंच शिकवलं होतं.

मला वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. कसलं काय. तिनं तिसरी उघडायला लावली. तीही चोख निघाली.

"म्हणजे यात त्याचं काहीच नाही," ती म्हणाली. दूध संपलं म्हणावं, इतक्या सरळ आवाजात.

चौथीला मी हात लावत नव्हते. जानेवारीत मिस्त्री तापानं अंथरूण धरून होता, तेव्हाची ती. तिचा वेत मी इतका आवळला होता की बोटं सोलली होती. मिस्त्रीनं मानेनंच नको म्हटलं. मी कापला.

सांधा वाकडा होता. एका बाजूला चांगली फट, तिच्यात भुशाचा काळपट गोळा. कुणी हसलं नाही. वाल्बोर्गनं त्या फटीत करंगळीचं नख घातलं आणि तसंच ठेवलं.

"हा त्याचा."

असं म्हणून ती त्या खुर्चीत बसली. तयार खुर्चीत कामगारानं बसायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. तिला कुणी उठवलं नाही. बाकीच्या तीन करवतीखाली गेल्या. चौथी मिस्त्रीनं टाकाऊ ठरवली आणि संध्याकाळी सायकलगाडीवर घालून तिच्या घरी पोचवली.

रविवारी मी वेताची जुडी घेऊन तिच्याकडे गेले. खुर्ची खिडकीशी होती, सांधा उघडाच. म्हटलं, गुंडाळून देते गं, आल्यागेल्याला दिसायला नको.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसू दे."

मग कॉफी ओतता ओतता ती रडायला लागली. कॉफी टेबलावर सांडत होती, म्हणून मी किटली तिच्या हातातून काढून घेतली.