कॅमेऱ्याची तीट

आमच्या शेडमध्ये सगळ्यांत तीक्ष्ण नजर माझी, हे मी स्वतःच जाहीर केलं होतं. कुणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? शेड माझी, स्टूल माझं, आणि जो हरकत घेऊ शकला असता तो मुलगाही माझाच.

शेड चिखलीत आहे. आधी तिथं आमचं हरभऱ्याचं रान होतं, मग पत्रे आले. आम्ही रबराच्या रिंगा बनवतो. नखाएवढी काळी रिंग. मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये आत कुठंतरी बसते आणि चाकणच्या एका कंपनीला जाते. तिला केसाएवढी चीर असली तरी ब्रेकचं तेल गळतं. म्हणून साच्याच्या प्रेसमधून निघालेली प्रत्येक रिंग कुणीतरी डोळ्यांनी बघावी लागते. ते कुणीतरी म्हणजे मी आणि माझी बायको सुभद्रा. एका टेबलाला समोरासमोर बसून, मधे रिंगांचा ढीग ठेवून, आम्ही उभा संसार केला. भांडणंसुद्धा रिंगा बघता बघता केली. मग ती गेली. तिचं स्टूल तिथंच राहिलं, त्यावर कुणी बसत नसे, आणि दोघांचा ढीग मी एकटा बघायला लागलो. (बघतो, असं मी सगळ्यांना सांगत होतो. दिसतं, असं कधीच म्हणालो नव्हतो!)

एके दिवशी माल परत आला. मला आणि संतोषला, म्हणजे मुलाला, चाकणला बोलावणं आलं. तिथं क्वालिटीच्या मॅडम बसल्या होत्या. माझ्या नातीच्या वयाच्या असतील, पण आवाज पोलीस ठाण्याचा.

"आप्पा, रिंगा चिरलेल्या निघाल्या."

"रस्त्यानं चिरल्या असत्याल," मी म्हणालो. "आमच्याकडनं हितवर यायचा रस्ता बघितलाय का? माणसं चिरत्यात, तिथं रबराचं काय!"

संतोषनं टेबलाखाली माझा पाय दाबला. मॅडम हसल्या नाहीत.

"टेस्टिंगमध्ये ब्रेक लागला नाही. टेस्टिंगमध्ये होता म्हणून बरं. रस्त्यावर असता तर आज आपण कुणाच्या तरी घरी बसलो असतो, चटईवर. यापुढे हातानं तपासलेला माल मी घेणार नाही. कॅमेरा लावा. ट्रायलला मी स्वतः येणार. पास झाली तर काम चालू, नाहीतर तुमचं नाव कमी."

आमचं गिऱ्हाईक तेवढं एकच. नाव कमी झालं की काय होतं ते आमच्या गल्लीत बघायला मिळतं. बंद शटरांपुढे आता भाजीवाले बसतात, आणि आतला मालक त्यांच्याकडनं उधारीवर कोथिंबीर नेतो.

परतताना मी संतोषच्या मोटरसायकलवर मागं बसलो होतो. तो प्रत्येक सिग्नलला ब्रेक दाबी आणि मी त्याचा खांदा गच्च धरी. ह्यात कुणाची रिंग हाय? मोशीपर्यंत मी येतील तेवढ्या देवांची नावं घेतली. मोशीच्या पुढं सासुरवाडीचेही देव घेतले.

कॅमेरा आला. लोखंडी खांबाला खाली तोंड करून टांगलेला, अंगठ्याएवढा, काळा, आणि त्याच्या भोवती दिव्याची गोल बांगडी. त्याच्या खालून पट्ट्यावर एकेक रिंग जाणार, कॅमेरा तिचा फोटो काढणार, चांगली असली तर पुढं, वाईट असली तर बाजूनं हवेचा फुत्कार येणार, फुस्स!, आणि रिंग लाल डब्यात. हे सगळं माझी सून अर्चना मला समजावत होती.

"मग हिरवी पाटी कशाला?" मी विचारलं. खोक्यातनं एक हिरवं कार्ड निघालं होतं, त्याच्यावर चंदेरी रस्ते आणि काळे किडे.

"आप्पा, कॅमेरा म्हणजे डोळा. पण डोळ्यानं बघितलेलं डोक्यापर्यंत जायला पायजे ना? ते काम ह्या कार्डाचं. कंप्युटरच्या पोटात बसवायचं. डोळा कितीबी चांगला असला तरी कार्ड नसलं तर आंधळा."

हे वाक्य तिनं माझ्याकडे बघून म्हटलं असं मला तेव्हा वाटलं. (आता खात्री आहे.)

कार्ड बसवायला शकीलभाई आले. चिखलीत त्यांचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचा टीव्ही ते मारून चालू करायचे तेव्हापासूनची ओळख. त्यांनी कंप्युटर आडवा केला, बाजूचं झाकण काढलं आणि आधी आतल्या पत्र्याला हात लावून उभे राहिले.

"दर्शन घेताय व्हय?" मी म्हणालो.

"अंगातली वीज उतरवतोय, आप्पा. नाहीतर कार्ड जळतं."

"आन हिकडं. माझ्या अंगातली कवाच उतरलीय. मी बसवतो."

"नको!" तिघंही एकदम ओरडले. माझ्याच शेडमध्ये!

शकीलभाईंनी कार्ड खाचेवर धरलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बसेना. काढलं, फुंकर मारली, पुन्हा दाबलं. खट्! आवाज झाला तशी संतोषनं डोळे मिटले, कारण तो आवाज बसल्याचा की मोडल्याचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग स्क्रू, मग केबल, मग अर्चनानं सॉफ्टवेअर भरलं. पडदा आधी काळा, मग त्यावर पट्टे, आणि मग एकदम आमची नखाएवढी रिंग पडद्यावर आली ती ट्रकच्या टायरएवढी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"धुरकट दिसतंय," मी म्हणालो.

"आप्पा, आरशासारखं स्वच्छ आहे!"

"मग आरसा पुसा."

कुणी पुसला नाही. संध्याकाळपर्यंत यंत्रानं चांगल्या रिंगा पुढं सोडल्या, मुद्दाम कापलेल्या तेवढ्या डब्यात उडवल्या. संतोष कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी ट्रायल. सकाळी शेड मी उघडली. नारळ फोडला, कंप्युटरच्या खोक्याला बाहेरून कुंकू लावलं. आणि मग आठवलं. नवीन मशीन आलं की सुभद्रा त्याला काजळाची तीट लावायची. प्रेसला लावली, कंप्रेसरला लावली, डिझेल जनरेटरला तर दोन्हीकडून लावली. चारचौघांत दिसेल अशी नाही. बाळाला लावतात तशी, कडेला. "दुसऱ्याची नजर आपल्या पोटावर नको," म्हणायची. आता हे कोण करणार? सुनेला सांगायला माझं तोंड होईना. सुभद्राच्या काजळाची डबी मी देवघरात ठेवली होती, ती आणली. घरचं काजळ, एरंडेलातलं, घट्ट. करंगळीवर घेतलं.

पण कॅमेऱ्याचा गाल कुठला? तोंड खाली, भोवती बांगडी. मी खालून हात घातला, चाचपलं. एका जागी गार आणि गुळगुळीत लागलं. म्हणलं, काय पॉलिश हाय! तिथं भरघोस तीट लावली. काळ्यावर काळं, दिसायचा प्रश्नच नव्हता. सुभद्राची आठवण झाली, डोळे भरून आले. (डोळे भरले म्हणून दिसलं नाही, असं मी नंतर सांगून बघितलं. चाललं नाही.)

मॅडम आल्या, छातीशी फाईल धरून. संतोषनं बटण दाबलं. पहिली रिंग गेली. फुस्स! लाल डबा.

"एखादी असते," संतोष हसला.

फुस्स. फुस्स. फुस्स! पट्ट्यावरची प्रत्येक रिंग उडून डब्यात. चांगल्या, आदल्या दिवशी पास झालेल्या रिंगा! आमची शेड म्हणजे नागपंचमी झाली.

मी काय केलं असेल? मला आनंद झाला!

"बघा!" मी मॅडमना म्हणालो. "मी सांगत व्हतो. यंत्राला काय कळतंय? ह्याला अनुभव लागतो!"

शकीलभाई धावत आले. काल सगळं ठीक होतं, नवीन वस्तू काय ती कार्ड, मग दोष कार्डाचा. कंप्युटर आडवा, कार्ड बाहेर. त्यांनी खिशातनं खोडरबर काढला आणि कार्डाचे सोनेरी दात घासले. कार्ड आत. फुस्स. कार्ड बाहेर, दुसऱ्या खाचेत. फुस्स. केबल बदलली, सॉफ्टवेअर पुसून पुन्हा भरलं. फुस्स!

"या अल्ला," शकीलभाई कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "लग्नातल्या नवऱ्यालाबी एवढी उठबस करायला लागत नाही."

मॅडमनी घड्याळात बघितलं. फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. त्या टोपणाचा आवाज अख्ख्या शेडला ऐकू गेला. आणि संतोष मागं सरकत सरकत त्याच्या आईच्या स्टुलावर बसला. इतक्या दिवसांत त्यावर कुणी बसलं नव्हतं. बसला, आणि दोन्ही हातांत तोंड धरलं. तेव्हा माझा आनंद तिथंच विरला.

अर्चना एकटी पडद्यापुढून हलली नव्हती. "प्रत्येक रिंगेवर एकाच जागी काळपट सावली येतीय," ती म्हणाली. "रिंगा वेगळ्या, सावली तीच. आप्पा, दिसतीय ना?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी पडद्याला नाक लावलं.

"कुठं काय? आज तर एकदम स्वच्छ हाय!"

(काल स्वच्छ होतं ते मी धुरकट म्हणालो, आज धुरकट होतं ते स्वच्छ. निदान चुकण्यात तरी सातत्य होतं!)

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पडदा सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. अर्चनानं कॅमेऱ्याखाली हात घातला, बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. बोट काळंकुट्ट. तिनं ते नाकाशी नेलं.

"हे सासूबाईंचं काजळ आहे."

शकीलभाईंनी खोडरबर खाली ठेवला. कंप्रेसर तेवढा धडधडत होता.

"त्याला नजर लागू नये म्हणून..." मी म्हणालो.

"आप्पा!" शकीलभाई म्हणाले. "दृष्ट काढताना थेट दृष्टीच काढली राव तुम्ही! माझा खोडरबर झिजून गेला!"

एरंडेलातलं काजळ ते, सहजासहजी निघेना. अर्चनानं मऊ फडक्यानं, श्वास धरून, हळूहळू काच पुसली. बटण दाबलं. पहिली रिंग गेली... पुढं. दुसरी पुढं. तिसरी पुढं. संतोषनं तोंडावरचे हात काढले. मॅडमनी फाईलवर काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच थोडंसं हसल्या.

इथं शहाणा माणूस घरी गेला असता. पण एवढ्या लोकांत तीट निघाल्यावर माझी मान ताठ कशी राहणार? मी खिशात हात घातला. माझ्या खिशात कायम एक रिंग असायची, मी स्वतः निवडलेली, कुणी पाहुणा आला की दाखवायला. चिखलीतली सगळ्यांत देखणी रिंग!

"ही टाका," मी म्हणालो. "कळू दे तुमच्या यंत्राला, माल कशाला म्हणत्यात."

"आप्पा, राहू द्या," अर्चना हळूच म्हणाली.

"टाक!"

रिंग पट्ट्यावरून निघाली, दिव्याखाली गेली.

फुस्स.

मॅडमनी ती डब्यातनं उचलली, दोन चिमटींत धरून ताणली आणि माझ्यापुढं धरली. मला चीर दिसली नाही. त्यांनी माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं, तेव्हा लागली. नख अडकावं एवढी मोठी.

मग शेडमध्ये कुणाला काही विचारायची गरज राहिली नाही. परत आलेला माल कुणी बघितला होता, हे सगळ्यांना एकदम दिसलं. सगळ्यांत शेवटी मला. "रस्ता खराब हाय," असं तोंडावर आलं होतं, पण संतोषची मोटरसायकल समोरच उभी होती.

ट्रायल पास झाली. काम राहिलं. जाताना मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "आप्पा, मशीन लावलंत. आता डोळेही दाखवा."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस चालत कसे होता?" म्हणलं, "ऐटीत."

ऑपरेशन झालं. जुनं भिंग काढून नवीन बसवतात. (शकीलभाई असते तर आधी खोडरबरनं घासलं असतं!) डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा पहिला दिसला तो संतोष. कानशिलापाशी सगळे केस पांढरे. पोरगं म्हातारं व्हायला लागलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिलो. त्याला वाटलं मला दिसत नाही. तो घाबरून पुढं वाकला, तेव्हा मी सांगितलं, "दिसतंय रे. लई दिसतंय."

घरी आलो तर अर्चना दारातच उभी. हातात सुभद्राची काजळाची डबी.

"आप्पा, नवीन डोळे आहेत. नजर लागायला नको. कानामागं बारीकशी तीट लावते."

तिनं करंगळी बुडवली, हात माझ्या चेहऱ्याकडे आणला. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांब. आधी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली आजची तारीख वाचून दाखव!"